काल काय झालं?

आमच्या मंडळीत साक्षीच्या वेळी कुणी उभं राहून "पुष्कळ वर्षांपूर्वी मी फार आजारी होतो, तेव्हा प्रभूनं मला..." असं सुरू केलं की बायकांच्या बाजूनं, खिडकीजवळच्या सतरंजीवरून एक खणखणीत आवाज यायचा, "ते बरं झालं. काल काय झालं?"

बोलणारा गडबडून जायचा. पाठ केलेलं सुटलं की पुढचं आठवत नाही, तसं व्हायचं. पोरं फिदीफिदी हसायची. पाळकसाहेब मान खाली घालून गीतांच्या पुस्तकाची पानं चाळायचे, जणू त्यांना काही ऐकूच आलं नाही. त्या बाईंना आम्ही सगळे काल-काय मावशी म्हणायचो. तोंडावर नुसतं मावशी. खऱ्या नावानं हाक मारली असती तर त्यांनाही चटकन उमगलं नसतं.

तुमच्याही मंडळीत अशी एखादी म्हातारी असेल. तोंडाळ, उद्धट, साक्षीचा विचका करणारी, असं तिच्याबद्दल बोलत असतील. मावशींबद्दल तर मंडळीचा कारभार बघणारं वडीलमंडळ तसंच बोलायचं. मी सातवीतून शाळा सोडलेली बाई, चार माणसांत बोलायचं म्हटलं की आजही माझे तळहात ओले होतात. लिहिण्याचीही सवय नाही. पण त्या बाईच्या बाबतीत जे झालं ते कुणी मांडलं नाही, आणि तिच्या पश्चात गोड गोड बोलणारे मात्र भरपूर निघाले, म्हणून लिहायला बसले.

माझं माहेर जालन्याकडचं. लग्नानंतर ह्यांना आदिलाबादच्या बस डेपोत काम मिळालं आणि मी तिकडे गेले. तेव्हा ते आंध्रात होतं. पाट्या तेलुगू, बसवरची अक्षरं तेलुगू, दवाखान्यात नर्स बोलायची ते तेलुगू. पहिले कितीतरी दिवस मी दाराची कडी लावून बसायची. शेवटी भाजी संपली म्हणून बाजारात गेले आणि मेथीच्या एका टोपलीपुढे बसून मोडक्यातोडक्या हिंदीत भाव विचारला. टोपलीमागच्या बाईनं माझ्याकडे बघितलं, माझ्या गळ्यातल्या क्रूसाकडे बघितलं आणि म्हणाली, "मराठीत बोल वो माय. येथी अर्धा बाजार मराठीच बोलते. तू कोनाच्या मंडळीतली?" मला एवढं रडू आलं की मेथी तशीच राहिली. त्या रविवारी त्या स्वतः घरी आल्या आणि मला उपासनेला घेऊन गेल्या. परक्या गावात माझं म्हणावं असं पहिलं माणूस ते. हे उपकार मी कसे विसरू?

मावशी मूळच्या तामसीकडच्या, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातल्या. तरुणपणी मोठ्या तापातून मिशनच्या दवाखान्यात बऱ्या झाल्या, तिथंच त्यांनी प्रभूला धरलं. माहेर तुटलं. ती गोष्ट ऐकायला सगळ्यांना फार आवडायची आणि त्या सांगायच्या नाहीत. "ते लय जुनं झालं," म्हणायच्या. नवरा लवकर गेला. एक मुलगा, आणि घरामागे जमिनीचा एक तुकडा. त्यात मेथी, वांगी, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, हेही मला त्यांनीच शिकवलं.

सकाळी वाफ्यांना पाणी देताना त्या मोठ्यानं बोलायच्या. शेजारची बाई मला म्हणाली होती की म्हातारी म्हशीला रागवते. पण मावशींकडे म्हैस नव्हती. ती त्यांची प्रार्थना होती. "पाह्य, काल मी त्या हॉटेलवाल्याले ओली मेथी वजनात भारी पडावी म्हनून तशीच देल्ली. तुले दिसलं असंन. आज झटकून देतो." असं चालायचं. मी एकदा विचारलं, मावशी, देवाला हे सगळं माहीत नसतं का? तर म्हणाल्या, "त्याले माईत हाय. मले माईत पडावं म्हनून सांगतो."

विश्वासाबद्दल त्यांचं एक बोलणं ठरलेलं. "इश्वास म्हंजे लोनचं नाई, बरनीत घालून फडकं बांधून ठेवाले. भाजी हाय. रोज तोडा, रोज धुवा. कालची आज विकाले बसलं तर गिऱ्हाईक तोंड फिरवते, देव काऊन घेईन?" अरण्यात देवानं रोज आकाशातून पाडलेली भाकर, तो मान्ना, त्यांना फार प्रिय. लोकांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला आणि त्यात किडे पडले, हे सांगताना त्या असं नाक मुरडायच्या की वास आपल्यालाही यावा.

आता आमच्या मंडळीतल्या बरण्यांबद्दल सांगते. महिन्याच्या पहिल्या रविवारी साक्ष असायची आणि प्रत्येकाची एक एक ठरलेली होती. सगळ्यांत मोठी बरणी गिरदावरसाहेबांची. ते महसूल खात्यात गिरदावर, म्हणजे तलाठ्यांवरचे अधिकारी होते, मंडळीचे मुख्य वडीलही तेच. तरुणपणी मोजणीच्या कामाला जाताना त्यांची बैलगाडी पैनगंगेच्या पुरात सापडली, त्यांनी धावा केला आणि गाडी काठाला लागली. देवानं वाचवलं हे खरंच असेल. पण ते पाणी दर वर्षी वाढायचं. मी गेले तेव्हा छातीपर्यंत होतं, माझा थोरला बोलायला लागला तेव्हा गळ्याशी आलं होतं, पुढे तर बैलांची शिंगंही बुडाली. पोरं त्यांच्यासोबत ओठ हलवायची. आणि ह्याच साहेबांनी कचेरीत आपल्या शिपायाशी इतकी वर्षं कसं वागले, त्याबद्दल त्या साक्षीत एक अक्षर कधी आलं नाही. नदीतून निघालेला माणूस पुढे कुठं गेला, हे कुणी विचारायचंच नाही का? मावशी विचारायच्या.

पण विचारून त्या मोकळ्या व्हायच्या नाहीत, हे त्यांच्या निंदकांना माहीत नव्हतं. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी त्या ज्यांना लागेल असं बोलल्या असतील त्यांच्या दारी जायच्या. एकदा मला सोबत घेऊन गिरदावरसाहेबांकडे गेल्या. साहेब ओसरीवर पेपर वाचत होते. मावशी उभ्यानंच म्हणाल्या, "साहेब, त्या दिवशी बोलली ते खरंच होतं. पन मीठ जास्त पडलं. माफ करजा." साहेबांनी पेपर खाली केला नाही. म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे." परत येताना मी संतापले होते. मावशी म्हणाल्या, "तुह्यं काऊन तोंड फुगलं? माफी मागाले मी गेल्ती. तुले कोनं बोलावलं रागवाले?"

मला त्यांनी उभं कसं केलं तेही सांगते. कित्येक महिने मी साक्षीच्या वेळी पदर तोंडावर ओढून बसायची. मावशी कोपर मारायच्या. मी म्हणायची, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, पूर नाही, ताप नाही. "काल तं होता ना?" त्या म्हणायच्या. एका रविवारी मी उठले. मी म्हणाले, "काल मी दुकानात तेलुगूत 'उप्पु' म्हणून मीठ मागितलं. दुकानदार हसला नाही. मला घरी येईपर्यंत भीती वाटली नाही. त्याबद्दल प्रभूचे आभार." सगळी मंडळी हसली. मरून जावं असं वाटून मी खाली बसले. तेवढ्यात मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हे ताजं हाय." त्या तीन शब्दांवर मी आजवर उभी आहे.

त्यांचा जीव होता तो शब्बाथशाळेच्या, पोरांच्या रविवारच्या वर्गात. देवळाच्या आवारातल्या लिंबाखाली बारक्या पोरांना घेऊन बसायच्या. चित्रांचा जुना गुंडाळा होता, तो उघडायच्या आधी प्रत्येकाला विचारायच्या, काल काय झालं? कुणाची पेन्सिल हरवलेली, कुणी मार खाल्लेला, कुणी भावाचा लाडू चोरलेला. मग त्याचीच प्रार्थना करायला लावायच्या. पेन्सिल हरवली असेल तर देवाला हरवली म्हणा, उगाच आभार मानू नका, असं शिकवायच्या. माझी दोन्ही मुलं त्या लिंबाखाली बोलायला शिकली. मावशी म्हणायच्या, मोठ्यांना सांगून फायदा नाही, त्यांच्या बरण्या भरल्या. ही रोपं आहेत, ह्यांना रोजची सवय लागेल. बाकी कशाचा त्यांना सोस नव्हता. महिला मंडळाचं अध्यक्षपद दिलं तर ते दुसरीकडे ढकललं. वर्ग मात्र एकही रविवार चुकवला नाही.

मग त्यांचा मुलगा गेला. गुडीहत्नूरजवळ हायवेला लॉरीनं उडवला. लग्न ठरत होतं त्याचं. मयतीला मावशी रडल्याही नाहीत, मातीच्या ढिगाकडे बघत उभ्या राहिल्या.

पुढच्या साक्षीच्या रविवारी सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. 'देवानं दिलं, देवानं नेलं' असं ईयोबासारखं काहीतरी त्या म्हणतील, आणि आपण डोळे पुसू, अशी सगळ्यांनी तयारी केली होती. गिरदावरसाहेबांनी तर रुमाल काढून मांडीवर ठेवला होता. मावशी खिडकीला धरून उठल्या.

"काल काई झालं नाई," त्या म्हणाल्या. "परवाबी नाई. मी त्याच्याशी बोलून नाई राह्यली. आमचं भांडन हाय. देवळात येईन, काऊन का भांडन झालं म्हनून बाई घर सोडत नाई. पन बोलत नाई."

एवढं बोलून बसल्या. रुमाल तसाच घडी होऊन खिशात गेला.

मी आयुष्यात ऐकलेली ती सर्वांत खरी साक्ष होती. आणि त्याच आठवड्यात वडीलमंडळाची बैठक बसली. मावशींचा विश्वास ढळला आहे, असं ठरलं. कुणी ठरवलं? ज्यांनी वर्षानुवर्षं देवाला एक ताजं वाक्य ऐकवलं नव्हतं त्यांनी ठरवलं. पाळकसाहेब आणि गिरदावरसाहेब दोघं त्यांच्या घरी आले तेव्हा मी तिथंच मेथीच्या जुड्या बांधत होते, म्हणून मला सगळं माहीत आहे.

पाळकसाहेब स्वभावानं मऊ. त्यांनी चहाचा कप हातात फिरवत म्हटलं की मावशी, तुम्ही दुःखात आहात, थोडे दिवस वर्गाला विश्रांती घ्या.

"विश्रांती मी नाई मांगतली," मावशी म्हणाल्या.

गिरदावरसाहेब म्हणाले, "मुलांवर परिणाम होतो, बाई. देवाशी भांडण आहे असं शिकवणार का त्यांना?"

"मंग काय शिकवू? भांडन नाई म्हनून खोटं शिकवू?"

"विजयी जीवन शिकवायचं असतं."

मावशी उठल्या. मग आत जाऊन चित्रांचा गुंडाळा आणला, पदरानं पुसला आणि पाळकसाहेबांच्या मांडीवर ठेवला. एक चित्र फाटलं आहे, चिकटवून घ्या, एवढंच बोलल्या. ते गेल्यावर त्यांनी माझ्याजवळ बसून जुड्या बांधायला घेतल्या. सगळ्या जुड्या त्या दिवशी ढिल्या झाल्या, बाजारात नेईपर्यंत सुटल्या.

वर्ग साहेबांच्या सुनेकडे गेला. वचन पाठ केलं की गोळी. पोरं धडाधड पाठ करायची. काल काय झालं, असं कुणी विचारेना. माझा धाकटा एकदा आपणहून सांगायला लागला की काल मी पडलो, तर त्याला म्हणे गप्प बस, हे वर्गात सांगायचं नसतं. मी ह्यांना म्हटलं, आपण मंडळी सोडू. हे म्हणाले, मावशीनं सोडली का?

नव्हती सोडली. दर रविवारी त्याच खिडकीजवळ. पोरं घरी जाताना त्यांच्या कुंपणाशी थांबायची, मावशी गोष्ट सांगा म्हणायची. त्या सांगायच्या नाहीत. "वर्ग काढला ना माहा? मंग कुंपनावरून शिकवनं चोरी हाय. या, तन उपटा." पोरं तण उपटायची, वांगी घेऊन घरी जायची. मला हे सहन व्हायचं नाही. एवढा सरळपणा कुणासाठी? पण त्यांचं भांडण एकाशी होतं, आणि त्याच्या घरातले नियम त्या मोडणार नव्हत्या.

आणि दर महिन्याला, साक्षीच्या वेळी, त्या उठायच्या. "भांडन चालू हाय," म्हणायच्या आणि बसायच्या. लोक कंटाळले. कुणी कुजबुजायचं की म्हातारीनं हट्टच धरला. एक पावसाळा गेला, नाताळ गेला, ईस्टर गेला. मी मनात घाबरायची, ही बाई अशीच कोरडी होऊन जाईल का? मग मी पुढे कुणाकडे बघू?

उन्हाळ्यानंतरच्या एका रविवारी त्या उठल्या. मग म्हणाल्या, "काल मेथीत गाय घुसली. मी घरातून वरडली, 'देवा, पाहून राह्यला का, आख्खा वाफा चालला!' मंग मंधात थांबली. म्हटलं, आपलं तं बोलनं बंद हाय." त्या थोड्या हसल्या. "तोंडानं सवयीनं हाक मारली. आता मारलीच हाक, तं मंग पोराचंबी इचारलं. लय वेळ इचारलं. त्यानं काई सांगतलं नाई. पन ऐकून राह्यला होता. गायीनं तवरक अर्धा वाफा खाल्ला."

कुणी हसलं, कुणी रडलं. मी दोन्ही केलं. रोज तोडा, रोज धुवा म्हणायच्या, त्याचा अर्थ मला तेव्हा लागला. इतक्या वर्षांच्या रोजच्या बोलण्यानं ती हाक त्यांच्या हाडात मुरली होती. मन रुसलं तरी जीभ त्याच्याचकडे गेली.

इथं गोष्ट संपायला हवी होती. वर्ग परत द्यायला हवा होता. पण गिरदावरसाहेब दुसऱ्याच दिवशी हजर. हिवाळ्यात मंडळीचं संमेलन असायचं, उटनूरकडून, नांदेडकडून पाहुणे यायचे. त्यात मावशींनी ही साक्ष द्यावी, वर्गही मग परत देता येईल, असं ते म्हणाले. फक्त ते भांडणाचं तेवढं काढून टाकावं, बाहेरच्या लोकांपुढे बरं दिसत नाही.

मावशी वाफ्यात उकिडव्या बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भांडन काढलं तं मांगं गायच उरते, साहेब."

साहेब म्हणाले, "मग भांडणासकट सांगा, पण थोडक्यात."

"तवरक ते शिळं होईन. त्या दिवशी जे झालं असंन ते सांगीन."

साहेब तणतणत गेले. वर्ग परत आला नाही. त्यांच्या मरणापर्यंत आला नाही. हे मी पुन्हा लिहिते, कारण पुढे सगळे विसरले. त्या लिंबाखाली बसायला त्या लायक नाहीत असं ठरवणारी माणसं दर महिन्याला नदीतून निघत राहिली, आणि जिला पोरांनी कुंपणाशी उभं राहून मागितलं ती वांगी वाटत राहिली.

पुढे त्यांच्या छातीत पाणी झालं. मी दिवसभर त्यांच्याकडे असायची. शेवटच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं पाणी हवं. त्या म्हणाल्या, "उद्या प्रभुभोजनाचा शनवार हाय ना? मले जाता येनार नाई. तू साहेबाले सांग, माह्या मनात त्याच्याबद्दल राग हाय. वर्गाचा. रोज सांगतो देवाले, रोज थोडा काढतो. अजून हाय. पन आज कमी झाला. उद्या आनखी कमी होईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

त्याच दुपारी देवळात पेटी ठेवली होती. गिरदावरसाहेबांनी भाषण केलं. तो तरुणपणचा ताप, मिशनचा दवाखाना, माहेर सोडणं, सगळं इतकं सुरेख सांगितलं की लोकांनी डोळे पुसले. जी गोष्ट त्या बाईनं जन्मभर सांगायचं नाकारलं, तिचीच बरणी तिच्या उशाशी फोडली. वर्गाचा शब्द नाही, मुलाचा नाही, भांडणाचा नाही. असा विश्वास, शेवटपर्यंत न डगमगलेला, असं म्हणाले. न डगमगलेला!

मी बायकांच्या बाजूला खिडकीजवळ बसले होते. तळहात ओले होते. मला आठवत नाही मी कशी उठले. माझाच आवाज मला ऐकू आला, "ते बरं झालं. काल काय झालं ते मी सांगते."

मी त्यांचा निरोप जसा होता तसा सांगितला. साहेबांकडे बघून सांगितला. शब्द बदलला नाही, मीठ घातलं नाही. 'उद्या आणखी कमी होईल' इथपर्यंत आले आणि म्हणाले, "उद्या म्हणजे आज." मग खाली बसले.

गिरदावरसाहेब उभेच होते. पाळकसाहेबांनी गीत सुरू केलं तेव्हा ते बसले. त्यानंतर माझ्याशी मंडळीत काही दिवस कुणी धड बोललं नाही. एक-दोघींनी मात्र माझ्या घरी मागच्या, स्वयंपाकघराच्या दारातून येऊन माझा हात दाबला.

आता आम्ही थोरल्याच्या नोकरीमुळे विशाखापट्टणला असतो. माहेर आणखी लांब पडलं, मराठी उपासनाही नाही. सकाळी गॅलरीतल्या कुंडीत मेथीला पाणी घालताना मी मोठ्यानं बोलते. सून सुरुवातीला विचारायची, कुणाला रागावता? आता विचारत नाही. मी देवाला कालचं सांगते. बऱ्याचदा भीतीचंच असतं. त्यात वर्गाचा तो राग रोज येतो, रोज थोडा काढते. साहेब केव्हाच वारले, तरी माझा अजून गेलेला नाही. काल बराच कमी झाला होता. आज हे लिहायला बसले आणि पुन्हा वाढला. उद्या सांगेन त्याला.